रास जीनमधलं ते एक अक्षर आणि मधली ३९ वर्षं

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांना फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, जीन टेस्टच्या रिपोर्टमध्ये केरास जी-१२-डी (केरास हा जीन, जी-१२-डी हा त्यातला बिघाड) लिहून आलंय. वाचताना कळलं की रॉबर्ट वाइनबर्ग नावाच्या सायंटिस्टच्या लॅबने हा असला बिघाड १९८२ सालीच शोधला होता आणि त्यावरची पहिली गोळी मंजूर झाली २०२१ मध्ये, ती पण जी-१२-सी साठी, आमच्या डी साठी नाही. मग ३९ वर्षं ही मंडळी करत काय होती, की कोणी मुद्दाम दाबून ठेवलं?

तुमचा राग मला कळतो. मी गेली वीसेक वर्षं या रास प्रोटीनवरच (केरास हा त्याचाच एक प्रकार) काम करतेय, पेशंट तपासत नाही, लॅबमध्ये असते, त्यामुळे ट्रीटमेंटचा सल्ला माझ्याकडून घेऊ नका, तो तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टकडूनच (कॅन्सरच्या डॉक्टरकडूनच) घ्या. पण मधल्या वर्षांत काय झालं ते मी सांगू शकते. कोणी काही दाबलं नाही हो. उलट या एका प्रोटीनपायी लोकांनी अख्खी करिअर्स घातलीत आणि बऱ्याच जणांच्या हाती काही न लागता ते रिटायर झालेत. काय बिघडलंय हे कळणं वेगळं आणि त्या बिघाडाला धरायला जागा सापडणं वेगळं. रासच्या बाबतीत पहिलं लवकर झालं आणि दुसऱ्यासाठी जागाच दिसत नव्हती.

आधी वाइनबर्गच्या लॅबने नेमकं काय केलं ते बघू, कारण "१९८२ मध्ये बिघाड सापडला" एवढ्या वाक्यात फार काय काय दडलंय.

सत्तरच्या दशकात कॅन्सर आणि जीन म्हटलं की लोक व्हायरसकडे बघायचे. पेटन राउस यांनी १९११ मध्येच दाखवलं होतं की कोंबडीच्या गाठीतला रस सेल्स (पेशी) अडवणाऱ्या बारीक फिल्टरमधून गाळून दुसऱ्या कोंबडीला टोचला तरी तिला गाठ येते, म्हणजे कारण सेलपेक्षा लहान काहीतरी आहे. तो व्हायरस होता. पुढे १९७६ मध्ये बिशप आणि व्हार्मस यांच्या गटाने दाखवलं की त्या व्हायरसमधला गाठ आणणारा जीन मुळात कोंबडीचाच, निरोगी सेलमध्ये असतोच, व्हायरसने तो कधीतरी उचलून नेलाय. या कामाला १९८९ चं नोबेल मिळालं. रास हे नावही याच काळातलं, रॅट सार्कोमावरून (उंदरातली एका प्रकारची कॅन्सरची गाठ) आलेलं. जेनिफर हार्वे यांनी १९६४ मध्ये एक व्हायरस शोधला आणि वर्नर कर्स्टन यांनी १९६७ मध्ये दुसरा, दोन्ही उंदरांमध्ये सार्कोमा करणारे. एचरास (रासचा दुसरा प्रकार) मधला एच हार्वेंचा आणि तुमच्या रिपोर्टवरचा के कर्स्टनचा.

पण माणसांच्या बहुतेक कॅन्सरमध्ये असला व्हायरस सापडतच नाही. मग वाइनबर्ग यांनी प्रश्न उलटा केला, व्हायरस नसेल तर दोष सेलच्या स्वतःच्या डीएनएमध्ये आहे का? आणि असेल तर कॅन्सरच्या सेलमधला नुसता डीएनए काढून चांगल्या सेलमध्ये घातला तर रोग त्याच्याबरोबर जातो का? ऐकायला साधं वाटतं, पण तेव्हा बऱ्याच जणांना हे होईल असं वाटत नव्हतं, कारण माणसाच्या डीएनएमध्ये साधारण ३०० कोटी अक्षरं, त्यातला दोष एकाच जागी असेल आणि तो एका तुकड्यात उचलून नेता येईल हे धरून चालणंच मोठं धाडस होतं.

हा प्रयोग मी स्वतः कितीतरी वेळा केलाय म्हणून जरा सविस्तर सांगते. एनआयएच-३टी३ नावाचे उंदराचे सेल्स असतात. डिशमध्ये ते सपाट पसरतात, एकमेकांना टेकले की वाढ थांबवतात, फरशी बसवल्यासारखा एकच थर. कॅन्सरच्या सेल्समधून काढलेला डीएनए कॅल्शियम क्लोराइडमध्ये घ्यायचा आणि फॉस्फेटच्या बफरमध्ये थेंब थेंब सोडायचा, ट्यूबमध्ये बारीक बुडबुडे चालू ठेवायचे. थोड्या वेळाने पाणी किंचित दुधट दिसायला लागतं. सगळं त्या दुधटपणावर असतं. बफरचा पीएच ७.०५ च्या आसपास लागतो, जरा इकडेतिकडे गेला तर एकतर साकाच तयार होत नाही, नाहीतर जाड दाणे होऊन तळाला बसतात आणि सेल्स ते घेत नाहीत. हे दुधट पाणी सेल्सवर घालायचं, नंतर मीडियम (सेल्सचं पातळ खाद्य) बदलायचं आणि दोन-तीन आठवडे वाट बघायची, मध्येमध्ये मीडियम बदलत. मग एखाद्या दिवशी डिश उजेडात तिरकी धरली की सपाट थरात एखादा पांढुरका ठिपका दिसतो. मायक्रोस्कोपखाली बघितलं की तिथले सेल्स लांबट, चमकदार, एकमेकांवर चढलेले, कुठे थांबायचं तेच विसरलेले. त्याला फोकस म्हणतात. आणि शेजारच्या डिशमध्ये, जिथे निरोगी सेलचा डीएनए घातलाय, तिथे नुसती फरशी. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी बराच वेळ डोळे आयपीसवरून काढले नव्हते.

यात एक धोका असतो, ३टी३ सेल्सना वाढवताना जरा जास्त गर्दी होऊ दिली की त्यांना आपोआपच फोकस यायला लागतात. माझ्या सुरवातीच्या काळात हे झालंय, कंट्रोलच्या, म्हणजे निरोगी डीएनएच्या डिशमध्येही ठिपके आले आणि दोन महिन्यांचं काम टाकून द्यावं लागलं. म्हणून असला रिझल्ट वाचताना मी आधी कंट्रोलची डिश बघते, मग बाकीचं.

वाइनबर्ग यांच्या लॅबमध्ये १९७९ मध्ये हे आधी उंदराच्या, केमिकलने बिघडवलेल्या सेल्सच्या डीएनएने दाखवलं गेलं, मग १९८१ मध्ये माणसाच्या मूत्राशयाच्या कॅन्सरच्या ईजे नावाच्या सेल्सनी. रोग खरंच डीएनएबरोबर जात होता. आता तो जीन शोधायचा कसा? इथे एक फार सुंदर युक्ती झाली. माणसाच्या डीएनएमध्ये अलू नावाचे छोटे तुकडे पुन्हा पुन्हा येतात, दहा लाखांच्या आसपास, आणि उंदराच्या डीएनएमध्ये हे नेमके तुकडे नसतात. मग काय करायचं, फोकसमधल्या सेल्सचा डीएनए काढायचा, तो पुन्हा नव्या ३टी३ वर घालायचा, पुन्हा फोकस उचलायचा. दर फेरीत माणसाचा फालतू डीएनए गळत जातो आणि शेवटी फक्त गाठ आणणाऱ्या जीनला चिकटलेले अलू उरतात. ते अलू हुडकले की शेजारी जीन. असं करत १९८२ मध्ये साधारण ६६०० अक्षरांचा एक तुकडा वेगळा झाला, आणि कळलं की हा तर हार्वेंच्या व्हायरसमधल्या रासचाच माणसातला भाऊ. वाइनबर्ग एकटे नव्हते, कोल्ड स्प्रिंग हार्बरचे मायकल विगलर आणि अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमधले मारियानो बार्बासिड याच जीनमागे होते आणि जवळजवळ एकाच वेळी पोचले.

मग निरोगी माणसाचा तोच जीन घेऊन दोन्हींचे तुकडे अदलाबदल करत बघितलं, कुठला तुकडा बदलला की फोकस येतात. असं करत फरक ३५० अक्षरांपर्यंत आला आणि ती अक्षरं वाचल्यावर एकच अक्षर वेगळं निघालं. जीजीसी च्या जागी जीटीसी. म्हणजे प्रोटीनच्या साखळीत १२ व्या जागेवर ग्लायसिन हे अमिनो ॲसिड पाहिजे तिथे व्हॅलिन. बास. तेव्हा बऱ्याच लोकांना वाटत होतं की फरक मोठा असेल, जीनच्या पुष्कळ कॉपी झाल्या असतील किंवा तो भलत्या जागी जाऊन बसला असेल.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. एका लॅबने ईजे सेल्स वापरले होते, दुसऱ्यांनी टी-२४ नावाचे, आणि दोन्हींत हुबेहूब तोच बदल सापडला म्हणून लोक खूश होते. पुढे कळलं की ईजे म्हणजे टी-२४ च आहेत, कुठेतरी कधीतरी सेल्स मिसळले गेले होते. बदल खराच होता आणि नंतर दुसऱ्या किती तरी गाठींमध्ये १२ व्या जागेवर सापडत गेला, त्यामुळे निष्कर्ष टिकला, पण दोन वेगळे पेशंट म्हणून जे धरलं होतं ते एकाच पेशंटचे सेल्स होते. आमच्या लॅबमध्ये सेल्सची ओळख नियमितपणे डीएनए प्रोफाइलने तपासतात ती याचसाठी.

आणि दुसरी गोष्ट, यावर लोक पटकन पुढे जातात पण माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. एक अक्षर बदललं की कॅन्सर, असं नाहीये. ३टी३ सेल्स आधीच अर्धे वाकडे असतात, ते मरतच नाहीत, डिशमध्ये अमर असतात. वाइनबर्ग यांच्याच लॅबने १९८३ मध्ये दाखवलं की उंदराच्या ताज्या सेल्समध्ये एकटा बिघडलेला रास घातला तर ते पूर्ण कॅन्सरचे होत नाहीत, बरोबर मिक सारखा दुसरा जीन द्यावा लागतो. माणसाच्या सेल्सना तर आणखी जास्त लागतं, १९९९ मध्ये टेलोमरेज (सेलला अमर करणारं एन्झाइम), सेलचे ब्रेक तोडणारा एका व्हायरसचा जीन आणि रास असं सगळं एकत्र दिल्यावर माणसाचे साधे सेल्स डिशमध्ये कॅन्सरचे करता आले. म्हणजे तुमच्या वडिलांच्या गाठीत जी-१२-डी आहे, पण एकटं नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, मधली वर्षं.

रास हा सेलमधला स्विच आहे. जीटीपी नावाचा रेणू चिकटला की चालू, त्या जीटीपीचं तोडून जीडीपी झालं की बंद. चालू असताना तो खाली निरोप पाठवतो, वाढा, दोन व्हा. निरोगी सेलमध्ये तो थोडा वेळ चालू होतो आणि बंद होतो. बंद करायला गॅप नावाचं प्रोटीन मदत करतं, ते आपलं एक बोट रासच्या खोबणीत घालतं आणि जीटीपी तुटायचा वेग लाखपटीने वाढतो. हे बोट १९९७ मध्ये प्रोटीनचा क्रिस्टल करून काढलेल्या चित्रात अगदी स्पष्ट दिसलं. आणि १२ व्या जागेवरचं ग्लायसिन हे सगळ्यात लहान अमिनो ॲसिड, तिथे बाजूची साखळीच नाही म्हणून बोटाला जागा आहे. तिथे व्हॅलिन आलं, ॲस्पार्टिक ॲसिड आलं, सिस्टीन आलं, काहीही मोठं आलं की बोट आत जात नाही. दारात दगड अडकल्यासारखं होतं, दार लागतच नाही.

आता औषध कसं करायचं? औषधं एखादी चालू गोष्ट बंद पाडण्यात चांगली असतात. इथे तर बंद करणारी यंत्रणाच मोडलीय, ती दुरुस्त करायची आहे, आणि एखाद्या गोळीने प्रोटीनचं मोडलेलं काम परत चालू करणं हे फार फार अवघड. बरं, मग जीटीपीची जागाच अडवू या? ब्लड कॅन्सरवरची इमॅटिनिब २००१ मध्ये मंजूर झाली ती साधारण अशीच चालते, एटीपीच्या (सेलला ऊर्जा देणारा रेणू) जागेत बसते. पण तिथे एटीपी तसं सैल धरलेलं असतं. रास जीटीपीला त्यापेक्षा दहा लाख पटीच्या आसपास घट्ट धरतो आणि सेलमध्ये जीटीपी भरपूर, त्यामुळे त्याला बाहेर काढून तिथे बसणारं औषध बनवणं जवळपास अशक्य. आणि उरलेलं प्रोटीन? गुळगुळीत. मी त्याचं मॉडेल स्क्रीनवर फिरवत तासन्‌तास बसलेय, दुसरी एकही खोल खोबण दिसत नाही.

मग लोकांनी वळसा घेतला. रास काम करायला सेलच्या पडद्याला आतून चिकटावा लागतो आणि चिकटायला त्याला एक तेलकट शेपूट लावली जाते. ती शेपूट लावणारं एन्झाइम बंद करायची औषधं नव्वदच्या दशकात आली, उंदरांमध्ये गाठी विरघळल्या, केवढी आशा होती. मोठ्या ट्रायल्स झाल्या, फुफ्फुस, पॅनक्रियाज, आतडं, आणि फायदा दिसला नाही. कारण उंदरांतलं बरंचसं काम एचरासवर झालं होतं, आणि माणसाच्या कॅन्सरमध्ये जास्त करून केरास असतो, आणि केरासला ती शेपूट मिळाली नाही तर तो दुसऱ्या एन्झाइमकडून दुसरी शेपूट लावून घेतो. हे कळलं तेव्हा किती पेशंटनी ती औषधं घेऊन झाली होती. तुम्ही विचारलंत ना ३९ वर्षं काय करत होते, त्यातली बरीच वर्षं यात गेली, आणि त्यानंतर कितीतरी कंपन्यांनी रासचा नाद सोडला, औषधच होऊ शकत नाही असा शिक्का बसला.

पण मधल्या काळात पेशंटला काहीच मिळालं नाही असंही नाही. आतड्याच्या कॅन्सरमध्ये सेटुक्सिमॅबसारखी औषधं वरच्या रिसेप्टरला (सेलच्या पृष्ठभागावर बाहेरचा निरोप घेणाऱ्या प्रोटीनला) अडवतात. पण खाली रासचा स्विचच अडकलेला असेल तर वरचं बटण दाबून काय होणार. २००८ च्या सुमारास हे ट्रायल्समध्ये स्पष्ट झालं, तेव्हापासून ते औषध द्यायच्या आधी रासची टेस्ट करतात आणि ज्यांना उपयोग नाही त्यांचा त्रास वाचतो.

आणि मग २०१३. कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या केव्हन शोकॅट यांच्या लॅबने वेगळाच विचार केला. जी-१२-सी मध्ये १२ व्या जागेवर सिस्टीन येतं आणि सिस्टीनला गंधक असतं, त्याला केमिकल कायमचं चिकटवता येतं. निरोगी रासमध्ये त्या जागी ग्लायसिन, गंधक नाही, म्हणजे औषध फक्त बिघडलेल्यालाच धरेल. त्यांनी गंधकाला पकडणारे साधारण ४८० छोटे रेणू एकेक करून लावून बघितले. त्यातले काही चिकटले, आणि क्रिस्टल काढल्यावर दिसलं की ते एका खोबणीत बसलेत जी आधीच्या कुठल्याच चित्रात नव्हती. ती खोबण रेणू आल्यावर उघडते आणि तीसुद्धा रास बंद अवस्थेत, जीडीपीला धरून असतानाच. तो पेपर आमच्या लॅबमध्ये आला त्या दिवशी सगळ्यांनी हातातलं काम ठेवून दिलं होतं.

लगेच शंका आली, बिघडलेला रास तर सतत चालू असतो मग बंद अवस्था सापडणार कशी? उत्तर नशिबाने चांगलं निघालं, जी-१२-सी गॅपच्या मदतीशिवायही स्वतःहून बऱ्यापैकी वेगाने जीटीपी तोडतो, मध्येमध्ये बंद होतो, आणि त्या क्षणी औषध त्याला पकडून ठेवतं. पुढे केमिस्ट लोकांनी तो रेणू सुधारत नेला आणि २०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेत सोटोरासिब मंजूर झाली, २०२२ च्या डिसेंबरमध्ये अडाग्रासिब.

सोटोरासिबच्या ज्या ट्रायलवरून मंजुरी मिळाली त्यात साधारण ३७ टक्के पेशंटच्या गाठी ठळकपणे लहान झाल्या, आणि निम्म्या पेशंटमध्ये रोग ६.८ महिन्यांच्या आत पुन्हा पुढे सरकला. ज्यांच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं त्यांच्यासाठी हे खूप आहे आणि आम्हाला पाहिजे त्यापेक्षा खूप कमी आहे, दोन्ही खरं. गाठ वाट काढते, कधी त्याच खोबणीत नवं म्युटेशन येऊन औषध बसू देत नाही, कधी वरचा दुसरा रिसेप्टर जोर लावतो. माझं आत्ताचं काम याच दुसऱ्या प्रकारावर आहे.

आता तुमचं जी-१२-डी. जी म्हणजे ग्लायसिन, १२ ही जागा, सी म्हणजे सिस्टीन, डी म्हणजे ॲस्पार्टिक ॲसिड, जीजीटी च्या जागी जीएटी. तिथे गंधक नाही, म्हणून सोटोरासिब किंवा अडाग्रासिब तिथे धरणार नाही, डॉक्टरांनी ती नको म्हटलं तर ते बरोबरच आहे, कोणी खटपट करून मिळवून देतो म्हणालं तरी घेऊ नका. सी आधी झालं ते त्या गंधकामुळे. डी सगळ्यात जास्त दिसतं पॅनक्रियाजच्या कॅन्सरमध्ये, म्हणून त्यावर आता जोरात काम चालू आहे. २०१३ ला जी खोबण सापडली तीच इथे कामाला आली, ॲस्पार्टिक ॲसिडवर निगेटिव्ह चार्ज असतो, तर त्याला ओढून धरणारा पॉझिटिव्ह चार्जचा रेणू त्याच खोबणीत बसवायचा. लॅबमध्ये असे रेणू फार घट्ट बसतात हे दिसलंय. पण पोटातून रक्तात आणि रक्तातून गाठीत पुरेसं औषध पोचवणं ही वेगळीच लढाई आहे. काही औषधं सगळ्याच प्रकारच्या रासला चालू अवस्थेत धरतात, सेलमधल्या दुसऱ्या एका प्रोटीनला चिकटून त्याच्यासकट रासवर जाऊन बसतात. या दोन्ही प्रकारच्या औषधांच्या पेशंटवर ट्रायल्स झाल्यात आणि चालू आहेत.

त्यामुळे ऑन्कॉलॉजिस्टकडे जाताना केरास पॉझिटिव्ह एवढंच सांगू नका, जी-१२-डी असं पूर्ण सांगा आणि रिपोर्टची कॉपी बरोबर ठेवा. जी-१२-डी किंवा सगळ्या रासवरची कुठली ट्रायल वडिलांना लागू होते का हे स्पष्ट विचारा. रिपोर्टमध्ये एसटीके-११, कीप-१, पी-५३ या दुसऱ्या जीनमधला काही बिघाड आहे का तेही विचारा, कारण रासबरोबर काय काय बिघडलंय यावर इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणारी ट्रीटमेंट) किती चालेल याचा अंदाज बदलू शकतो. आणि रिपोर्ट जुना असेल, मध्ये ट्रीटमेंट होऊन रोग पुढे गेला असेल, तर नव्याने टेस्ट करायची गरज आहे का हेही विचारून घ्या. रिपोर्टमधली एखादी ओळ कळली नाही तर नाव-गाव झाकून इथे टाका, तिचा अर्थ काय एवढं मी नक्की सांगेन.